भेदाची जकात

२००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगापुढे मांडला, तेव्हा बाहेरच्या प्रोग्रामरांनी त्या यंत्रासाठी ॲप्स कशी लिहावीत याची कोणतीही तजवीज ॲपल कंपनीने केलेली नव्हती. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये भरलेल्या डेव्हलपरांच्या वार्षिक संमेलनात त्यांना जे सांगण्यात आले ते इतकेच, की यंत्रात सफारी ब्राउझर आहे, तेव्हा वेबपानांच्या रीतीने ज्याने त्याने आपले ॲप रचावे. ही व्यवस्था वर्षभरही टिकली नाही. ऑक्टोबरात कंपनीचे धोरण फिरले, पुढच्या मार्चमध्ये लेखनसाधनांचा संच प्रसिद्ध झाला आणि १० जुलै २००८ रोजी ५०० ॲप्सनिशी ॲप स्टोअर उघडले. या नव्या मुलखाची राजभाषा ऑब्जेक्टिव्ह-सी. जॉब्ज ॲपलबाहेर असताना त्यांच्या नेक्स्ट कंपनीत ती जोपासली गेली होती, आणि त्या वर्तुळापलीकडे तिचे जाणकार थोडेच होते. दरम्यान गूगलने २००७ च्या नोव्हेंबरात अनेक कंपन्यांची आघाडी उभारून अँड्रॉइडची घोषणा केली आणि वर्षभरात त्यावरचा पहिला फोन बाजारात आला. तेथील भाषा जावा, परंतु ती चालविणारे आभासी यंत्र गूगलचे स्वतःचे. नोकियाचे सिम्बियन, ब्लॅकबेरी, मायक्रोसॉफ्टचे मोबाइल विंडोज ही जुनी संस्थानेही आपापल्या कायद्यांनिशी तेव्हा नांदत होती.

याचा परिणाम असा झाला, की ज्या बँकेला अथवा वृत्तपत्राला आपल्या सर्व ग्राहकांच्या खिशात पोहोचावयाचे होते, तिला एकच ॲप तीन-चार भाषांत, तीन-चार निरनिराळ्या मंडळींकडून लिहवून घ्यावे लागे, आणि व्याज-आकारणीचा एखादा नियम पालटला म्हणजे तो प्रत्येक दफ्तरात स्वतंत्रपणे पालटावा लागे. एकदाच लिहावे आणि सर्वत्र चालवावे, ही आकांक्षा अर्थातच नवी नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सने जावाचा पुरस्कार १९९० च्या दशकात नेमक्या याच वचनावर केला होता. परंतु छोट्या फोनांवर त्या वचनाचा अनुभव कडू निघाला, कारण पडद्याचा आकार, कळांची मांडणी आणि प्रत्येक उत्पादकाच्या यंत्रातील दोष इतके भिन्न असत, की एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या तयार करणे कोणालाच चुकले नाही.

त्यापुढील पंधरा-सोळा वर्षांत या आकांक्षेने जी जी रूपे घेतली, त्यांकडे पाहता माझे असे मत झाले आहे, की दोन मुलखांमधील भेद कोणतेही फ्रेमवर्क नाहीसा करीत नाही. त्या भेदाची जकात कोणत्या नाक्यावर आणि कोणाच्या पिशवीतून वसूल व्हावी, एवढेच ते ठरवते. ती कधी वापरणाऱ्याने अडखळत्या पडद्याच्या रूपाने भरली, कधी प्रोग्रामराने सांध्यांची डागडुजी करून भरली, तर कधी कंपनीने आपल्या माणसांच्या शिक्षणाच्या व टिकवणुकीच्या रूपाने.

पहिला प्रयत्न ब्राउझरच्याच आश्रयाने झाला, हे स्वाभाविक होते. २००८ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या डेव्हलपरांचे जे शिबिर भरले, तेथे कॅनडातील व्हँकूव्हरच्या निटोबी या लहानशा कंपनीतील मंडळींनी फोनगॅपचा पाया घातला. कल्पना अशी, की ॲप म्हणजे वस्तुतः एक वेबपान. त्याच्याभोवती मूळ भाषेत लिहिलेले पातळ कवच. हे पान आणि हे कवच यांनी परस्परांशी बोलावयाचे कसे, याची युक्ती जवळून पाहण्याजोगी आहे. पानातील जावास्क्रिप्टला कॅमेरा अथवा संपर्कांची यादी हवी असली, की तिने 'गॅप' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, प्रत्यक्षात कोठेही नसलेल्या एका पत्त्याकडे निघावयाचे. पान पालटण्यापूर्वी ब्राउझरची खिडकी भोवतालच्या कवचाची परवानगी मागते, तेव्हा कवचाने तो पत्ता वाचावा, त्यात दडवलेली मागणी ओळखावी, प्रवासास नकार द्यावा, मागितलेले काम करावे आणि उत्तर पानात सोडून द्यावे. या एवढ्याशा वाटेवरून कॅमेरा, होकायंत्र, ठिकाणदर्शक असे सगळे व्यवहार होऊ लागले, आणि ज्या हजारो लोकांना केवळ वेबपाने लिहिता येत होती त्यांना ॲप स्टोअरचा दरवाजा खुला झाला. २०११ च्या ऑक्टोबरात अडोबीने निटोबी विकत घेतली आणि फोनगॅपचे लेखन अपाचे प्रतिष्ठानाकडे सुपूर्द झाले. तेथे त्याला कॉर्डोव्हा हे नाव मिळाले. त्याच्या कर्त्यांपैकी ब्रायन लेरू यांनी पुढे लिहून ठेवले, की फोनगॅपचे अंतिम ध्येय नाहीसे होणे हेच आहे, कारण ब्राउझर स्वतःच समर्थ झाला म्हणजे या कवचाची गरज उरणार नाही. आपल्या कृतीचा शेवट आरंभीच इतक्या स्वच्छपणे पाहणारे कारागीर विरळा, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

तथापि या सर्व खटाटोपाचे अस्तित्व मुलखाच्या धन्याच्या मर्जीवर अवलंबून होते, याची प्रखर जाणीव २०१० च्या एप्रिलमध्ये सर्वांना झाली. ८ एप्रिल रोजी ॲपलने डेव्हलपरांशी करावयाच्या करारनाम्यातील ३.३.१ हे कलम पालटले, आणि त्यान्वये आयफोनवरील प्रत्येक ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ अथवा ॲपलच्या वेब-यंत्रणेत चालणारी जावास्क्रिप्ट यांतच लिहिलेले असावे, मधल्या भाषांतराच्या थराने तयार झालेले नसावे, असे फर्मान निघाले. अडोबीचा, फ्लॅशमध्ये लिहिलेले आयफोनसाठी बांधून देणारा संच अवघ्या चार दिवसांनी जाहीर व्हावयाचा होता. त्याच महिन्याच्या २९ तारखेस जॉब्ज यांनी फ्लॅशविषयीचे आपले खुले पत्र प्रसिद्ध केले, आणि त्यातील एक मुद्दा, प्रतिपक्षाचा असूनही, विचार करण्याजोगा होता: मधला थर आला म्हणजे मुलखाचा धनी नव्या सोयी निर्माण करील आणि त्या लोकांपर्यंत पोहोचतील की नाही हे मात्र थर पुरविणारा ठरवील. या कलमाच्या छायेत खेळ बांधण्याचे युनिटी हे साधन आले, तसेच मोनोटच हेही आले. सुमारे पाच महिने अनेक लहान कंपन्यांचा व्यवसाय एका वाक्याच्या अर्थावर टांगलेला राहिला. अखेर ९ सप्टेंबर रोजी ॲपलने निर्बंध सैल केला. परंतु फ्रेमवर्कची निवड करताना ज्याच्या भूमीवर आपण घर बांधतो तो उद्या सनद रद्द करील काय, हा प्रश्न त्या दिवसापासून कायमचा विचारात घ्यावा लागला.

मोनोटचची हकीकत या इतिहासातील सर्वांत मानवी म्हणावी लागेल. मेक्सिकोत जन्मलेल्या मिगेल दे इकासा यांनी मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेसाठी मोनो ही मुक्त यंत्रणा २००१ पासून उभारली होती, आणि २००९ च्या सप्टेंबरात त्यांच्या मंडळींनी ती मोनोटच या नावाने आयफोनवर आणली. आयफोनवर चालता चालता नवे यंत्रादेश निर्माण करण्यास मनाई असल्याने त्यांनी सगळे लेखन आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवण्याची पद्धती अवलंबिली. २०११ च्या वसंतात त्यांची मालक कंपनी नोव्हेल दुसऱ्याच्या हाती गेली आणि मे महिन्यात मोनोवर काम करणाऱ्यांना नारळ मिळाला. त्याच महिन्यात त्यांनी झामारिन ही स्वतःची कंपनी काढली, काम पुन्हा सुरू केले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ज्या मायक्रोसॉफ्टच्या भाषेसाठी त्यांनी एवढा अट्टाहास केला तिनेच ती कंपनी विकत घेतली. ज्या संस्थांत सी-शार्प लिहिणारी माणसे आधीच वर्षानुवर्षे पगारावर होती, त्यांना झामारिनची निवड करताना दुसऱ्या कोणत्याही तौलनिक कोष्टकाची गरज भासली नाही, आणि माझ्या मते त्यांचे बरोबरच होते.

ब्राउझरच्या मार्गाचा निकाल मात्र फेसबुकने लावला. एकच वेब-लेखन सर्व फोनांवर दाखवावे, कवच तेवढे प्रत्येक ठिकाणी निराळे असावे, असे त्या कंपनीचे धोरण होते, आणि त्यामुळे तिचे आयफोनवरील ॲप इतके मंद चालत असे, की पडद्यावर बोट ओढल्यावर मजकूर क्षणभर जागच्या जागी थांबून मग हले. २३ ऑगस्ट २०१२ रोजी कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये मुळापासून नव्याने लिहिलेले ॲप प्रसिद्ध केले, आणि ११ सप्टेंबर रोजी, भागविक्रीनंतर समभागाची किंमत निम्म्याच्या आसपास उतरलेली असताना, मार्क झकरबर्ग यांनी जाहीर सभेत कबुली दिली, की मूळ भाषांऐवजी एचटीएमएल-५ वर अतिरेकी भिस्त ठेवणे ही कंपनी म्हणून आपली सर्वांत मोठी चूक होती. वेबच्या अभिमान्यांना हे लागले. सेंचा या कंपनीने त्याच डिसेंबरात फास्टबुक नावाचा नमुना वेब-तंत्रातच घडवून दाखविला आणि दोष तंत्राचा नसून कारागिरीचा आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण असा नमुना घडविण्यास जे असामान्य कसब लागते ते प्रत्येक कंपनीच्या पदरी नसते, आणि साधनाची निवड करताना सामान्य हातांचा विचार करावा लागतो.

विशेष हे, की त्या पराभवातूनच पुढचे पाऊल त्याच कंपनीत पडले. २०१३ च्या उन्हाळ्यातील एका अंतर्गत हॅकेथॉनमध्ये जॉर्डन वॉक यांनी असे दाखविले, की जावास्क्रिप्ट पार्श्वभूमीवर चालू ठेवून तिच्या आज्ञेने आयफोनची खरीखुरी मूळ बटणे व याद्या पडद्यावर उभ्या करता येतात. ब्राउझरची खिडकी मध्ये लागतच नाही. यातून रिॲक्ट नेटिव्ह निर्माण झाले, २०१५ च्या मार्चमध्ये ते ओपन सोर्स झाले आणि सप्टेंबरात अँड्रॉइडपर्यंत पोहोचले. कर्त्यांनी जुने वचन जाणीवपूर्वक सौम्य केले: एकदा लिहा आणि कोठेही चालवा असे नव्हे, तर एकदा शिका आणि कोठेही लिहा. या विनयात मला प्रगल्भता दिसते, कारण भेद अटळ आहे हे त्यात प्रथमच मान्य झाले होते.

नाका मात्र दुसरीकडे सरकला होता. जावास्क्रिप्ट एका बाजूस, मूळ घटक दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंमध्ये 'ब्रिज' नावाची एकच वाट, जिच्यावरून प्रत्येक निरोप जेसॉनच्या मजकुरात बांधून पाठवावयाचा, पलीकडे सोडून वाचावयाचा आणि उत्तर सवडीने यावयाचे. पडदा सेकंदास ६० वेळा रंगवावयाचा म्हणजे प्रत्येक चित्रास जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. हजार वस्तूंची यादी कोणी झटक्याने वर सरकवली, की सरकण्याचे काम मूळ बाजू तत्परतेने करी. पण पुढच्या ओळींत काय दाखवावयाचे हे जावास्क्रिप्टने ठरवून ब्रिजवरून पाठवीपर्यंत बोट पुढे निघून गेलेले असे, आणि वापरणाऱ्याला पांढरी कोरी जागा दिसे. साध्या पडद्यांवर हे जाणवतही नसे. लांबलचक याद्या आणि बोटाबरोबर हलणारी चित्रे यांचा मेळ जेथे जेथे होता, तेथे कसलेल्या प्रोग्रामरांचे दिवसचे दिवस या वाटेवरची वर्दळ कमी करण्यात जाऊ लागले.

एअरबीएनबी कंपनीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्हचा स्वीकार केला तो मोठ्या उत्साहाने. नकाशे दाखविण्याची तिची लायब्ररी सर्व जगाने वापरली. जून २०१८ मध्ये तिच्या अभियंत्यांनी पाच लेखांची मालिका प्रसिद्ध करून आपण हे फ्रेमवर्क सोडत असल्याचे सांगितले. अशा निर्णयाचे इतके प्रांजळ व तपशीलवार निवेदन मी क्वचितच वाचले आहे. कंपनीपाशी दोन्ही मुलखांतील जुने, विस्तीर्ण मूळ लेखन आधीपासून होते. नवे पडदे त्याच्या मधोमध बसवावे लागले, आणि जुन्या सोयी नव्या बाजूस पोहोचविण्यासाठी प्रत्येक ठिकाणी सांधा बांधावा लागला. दोन दफ्तरांचे एक होण्याऐवजी तीन झाली. सीमेवरचा दोष शोधण्यास तिन्ही बाजू जाणणारा माणूस लागे, आणि असे लोक थोडे होते. असे असूनही त्यांच्या अंतर्गत पाहणीत ६३ टक्के अभियंत्यांनी पुन्हा संधी मिळाल्यास आपण हेच निवडू असे सांगितले आणि ७४ टक्क्यांनी नव्या प्रकल्पासाठी त्याचा विचार करू असे म्हटले. पराभवाची वार्ता म्हणून जगभर पसरलेल्या या लेखमालेतील हे आकडे बहुतेकांनी वाचलेच नाहीत, याची मला खंत वाटते. कारण साधन वाईट होते असा तेथील निष्कर्ष नव्हताच. जुन्या वाड्याच्या भिंतीत ते बसले नाही, एवढाच होता.

ड्रॉपबॉक्सने दुसरी वाट धरली होती. २०१३ च्या सुमारास तिने ठरविले, की पडदे दोन्हीकडे मूळ भाषेतच लिहावेत आणि खालचे गणित तेवढे सी++ मध्ये सामायिक ठेवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिने हा प्रयोग मोडल्याचे जाहीर केले, आणि त्याच्या कारणांत तंत्राइतकीच माणसे होती: ज्या अनुभवी सी++ जाणकारांच्या बळावर हे उभे राहिले ते हळूहळू अन्यत्र गेले, आणि फोनसाठी सी++ लिहिणारी नवी माणसे मिळेनात. आयफोन व अँड्रॉइड यांच्या नव्या भाषा, स्विफ्ट आणि कोटलिन, लिहिणाऱ्यांचा मात्र बाजारात तोटा नव्हता.

गूगलच्या फ्लटरने नाका पुन्हा हलविला, तोही अगदी निराळ्या दिशेने. डार्ट ही भाषा २०११ मध्ये ब्राउझरसाठी निर्माण झाली होती. २०१५ च्या मार्चमध्ये क्रोममध्ये तिला स्वतंत्र स्थान देण्याचा बेत कंपनीने सोडून दिला, आणि त्याच वसंतात 'स्काय' या नावाने तिच्यात लिहिलेला मोबाइलचा नमुना लोकांसमोर आला. २०१८ च्या डिसेंबरात लंडन येथे फ्लटरची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथे ॲपलची वा अँड्रॉइडची बटणे मागवावयाचीच नाहीत. कोरा पडदा घ्यावयाचा आणि त्यावरील प्रत्येक बिंदू स्वतः रंगवावयाचा. ब्रिजवरची वर्दळ त्यामुळे संपली, पण मुलखाकडून जे फुकट मिळत होते ते सर्व स्वतःच्या शिरावर आले. मराठी वाचकाला याचा अर्थ एका शब्दावरून कळेल. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द फोनच्या स्मृतीत लिहिताना पहिल्या अक्षरातील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या नंतर नोंदलेली असते, पण पडद्यावर ती त्याच्या आधी काढावी लागते. 'र्थ्यां'मधील 'र' नोंदीत सर्वांआधी येतो, आणि त्याचा रफार मात्र संपूर्ण जोडाक्षराच्या शेवटी डोक्यावर चढतो. अँड्रॉइडच्या पहिल्या काही आवृत्त्यांत देवनागरीची ही जुळणी नीट होतच नसे, आणि तुटक्या, पाय मोडलेल्या अक्षरांत मराठी वाचावी लागे. पुढे ती जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमने उचलली. फ्लटरला ती नव्याने उचलावी लागली. हार्फबझ हे अक्षरजुळणीचे मुक्त साधन प्रत्येक ॲपबरोबर आपल्या पोटात वाहून नेऊनच त्याने ती निभावली.

फ्लटरची मोठी कसोटी ज्या ॲपने घेतली त्याचा जन्म भारतातला. सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्ली येथे गूगलने तेज नावाचे, यूपीआयवर चालणारे ॲप सुरू केले; पुढच्या वर्षी त्यास गूगल पे हे नाव मिळाले, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत त्याची चौकोनी चिन्हे आपल्या सर्वांच्या परिचयाची झाली. ते अन्य देशांत न्यावयाचे ठरले तेव्हा दोन मुलखांसाठी दोन स्वतंत्र दफ्तरे वाढवीत नेणे कंपनीला जड वाटले, आणि संपूर्ण ॲप फ्लटरमध्ये नव्याने लिहिण्यात आले. जुने लेखन १७ लाख ओळींचे होते, नवे ११ लाखांचे झाले. एअरबीएनबीच्या अनुभवाशेजारी हे ठेवून पाहिले, तर दोन फ्रेमवर्कांच्या गुणदोषांपेक्षा अधिक महत्त्वाचा फरक डोळ्यांत भरतो: एकीने जुन्या भिंती राखून मध्ये नवे दालन काढले, दुसरीने वाडा उतरवून पुन्हा बांधला, आणि पुन्हा बांधण्यास लागणारे मनुष्यबळ, तसेच फ्रेमवर्काचे कर्ते खुद्द आपल्याच इमारतीत असणे, हे दोन्ही तिच्यापाशी होते.

त्यानंतरची वर्षे बहुतांशी जुन्या नाक्यांच्या दुरुस्तीत गेली. अडोबीने २०२० मध्ये फोनगॅपची सेवा बंद केली. झामारिनचा आधार मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ रोजी काढून घेतला, आणि ज्यांची ॲप्स त्यावर उभी होती त्यांना मॉई या तिच्या वारसाकडे जाणे अथवा दुसरे घर शोधणे भाग पडले. रिॲक्ट नेटिव्हमधील ब्रिज काढून टाकण्याचा संकल्प २०१८ मध्ये, एअरबीएनबीच्या निवेदनाच्याच महिन्यात जाहीर झाला होता. नवी रचना सर्वांसाठी मूळ पर्याय झाली ती २०२४ च्या ऑक्टोबरात, सहा वर्षांच्या श्रमानंतर. फ्लटरमध्ये एखादे चलच्चित्र प्रथमच उमटताना जो हिसका बसे, तो घालविण्यासाठी त्याचे रंगविण्याचे यंत्रच पालटून इम्पेलर नावाचे नवे बसविण्यात आले. कोटलिनच्या कर्त्यांनी गणित सामायिक आणि पडदे स्वतंत्र, ही ड्रॉपबॉक्सची कल्पना सी++ ऐवजी अँड्रॉइडच्या प्रचलित भाषेत पुन्हा मांडली. २०२३ च्या नोव्हेंबरात ती पक्की झाली आणि पुढच्या मे महिन्यात गूगलने तिला आपला पाठिंबा दिला.

२०२५ च्या जूनमध्ये ॲपलने आपल्या सर्व पडद्यांचे रूप पालटून काचेसारखी पारदर्शक, प्रकाश वाकविणारी नवी शैली जाहीर केली, आणि सप्टेंबरात ती आयफोनांवर आली. ज्या ॲप्सनी ॲपलचेच मूळ घटक वापरले होते त्यांना हे रूप नव्या साधनांनी पुन्हा बांधताच बहुतांशी आपोआप मिळाले. फ्लटरने स्वतः रंगविलेली बटणे व तळपट्ट्या मागच्याच रूपात राहिल्या. आणि ज्यांना त्या तशा राहिलेल्या चालणार नव्हत्या, त्यांच्यासाठी केवळ तेवढ्या पट्टीपुरता ॲपलचा मूळ घटक फ्लटरच्या पडद्यात बसवून देणारी पॅकेजेस काही दिवसांतच तयार होऊ लागली.